कार्बोरेटरची वाटी आणि बर्फातली लस

"दादा, किती वेळ लागंल? डब्यातला बर्फ पाणी होऊन राह्यलाय."

गाडी स्टँडवर लावायच्या आधीच मंदाताईंनी विचारलं. इंजिनाखाली थेंब थेंब पेट्रोल पडत होतं. मी आधी पेट्रोलचा कॉक बंद केला, मग म्हणलं, उघडून बघावं लागंल.

माझं गॅरेज कुंभार पिंपळगावात. मंदाताई आमच्या भागात शेळ्या-मेंढ्यांना लस टोचायचं काम करतात. गाडी त्यांच्या सासऱ्यांची, कंपनीनं कधीच बंद केलेलं मॉडेल. मागच्या सीटला थर्माकोलचा डबा बांधलेला, त्यात बर्फ आणि बर्फात लस. शहागडला गोदावरीकाठी मल्हारी बापूंचा मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ, बसला होता. शेजारच्या कळपात रोग शिरला, म्हणून बापू त्याच दुपारी नदी ओलांडून निघणार होते. त्याआधी लस द्यायला पाहिजे होती.

"तोवर तुमची गाडी द्या ना."

"भावानं एमआयडीसीत ड्युटीला नेली. दुसरी ही."

दुसरीचं इंजिन पाटीत सुटं पडलं होतं. ताईंनी बघितलं आणि स्टूल ओढून बसल्या.

पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो तो कार्बोरेटर. त्याच्या बुडाशी एक वाटी असते, फ्लोट बाऊल. तिच्यात थोडं पेट्रोल साठतं. पुरेसं झालं की वर तरंगणारा फ्लोट पिन दाबून पेट्रोल थांबवतो, पाण्याच्या टाकीतल्या चेंडूसारखं. वाटीच्या जादा पेट्रोल सोडणाऱ्या नळीतून गळत असलं तर दोष त्या पिनचा. इथं नळी कोरडी होती. पेट्रोल वाटीच्या सांध्यातून झिरपत होतं. म्हणजे गॅस्केट, सांध्यातली रबरी रिंग, गेलं, आणि ह्या गाडीचं गॅस्केट जालन्यातही मिळत नाही.

वाटी उघडली. आतली रबरी रिंग पेट्रोल पिऊन फुगली होती, खाचेत बसतच नव्हती. वर पांढरं सिलिकॉन थापलेलं.

"हे कुणी लावलं?"

"मामंजींनी. बाथरूमच्या खिडकीला लावलं होतं, ती अजून गळत न्हाई म्हणे."

"खिडकीवर पाऊस पडतो ताई, पेट्रोल न्हाई."

ताईंना हसू आलं. पेट्रोलमध्ये सिलिकॉन मऊ पडतं, तुकडे सुटतात आणि जेटच्या, म्हणजे पेट्रोल पुढं सोडणाऱ्या तोटीच्या, बारीक भोकात जाऊन बसतात. एक तुकडा जेटच्या तोंडाशी आलेलाच होता. तो काढला, सगळं खरवडून साफ केलं.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. बापूंचा आवाज मलाही ऐकू आला.

"मंदाबाई, मेंढरं कोंडून ठेवलीत. उन्हानं तळमळून राह्यलीत. येता का न्हाई ते बराबर सांगा, मंग मी सोडतो."

ताईंनी माझ्याकडं बघितलं. गाडी होईल असं मी अजून म्हणलं नव्हतं.

"येते बापू. सोडू नका," त्या म्हणाल्या.

आता मागं सरायची सोय उरली नाही. शेजारच्या हॉटेलातून उकळतं पाणी आणलं, रिंग पुसून त्यात टाकली. फुगलेलं रबर गरम पाण्यानं बरंच आखडतं. आखडलंही. खाचेत नीट बसलं. वाटी चढवली, कॉक उघडला. थोड्या वेळानं एका कोपऱ्यावर थेंब जमला आणि खाली पडला.

ताईंनी डब्याचं झाकण उचलून आत बघितलं, परत लावलं.

"रसवंतीवरून बर्फ घेऊन या," मी म्हणलं. बर्फाचं भागलं. पण बापू किती थांबतील, ते आमच्या हातात नव्हतं.

वाटी पुन्हा काढली आणि सपाट काचेवर पालथी ठेवली. बोट लावलं तशी ती डुगडुगली. गळायला लागलं की प्रत्येकानं स्क्रू पिळले होते. त्यानं कोपरे ओढले जाऊन वाटीची कड वाकली होती. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरला, दोन थेंब ऑइल टाकलं आणि वाटी हलक्या हातानं गोल गोल घासली. आधी फक्त स्क्रूच्या भोकांपाशी चकाकलं. हळूहळू सगळी कड सारखी चकाकली.

मग रिंगचा नाद सोडला. पॅकिंगच्या जाड कागदाचा तुकडा दुकानात पडून होता. तो वाटीच्या कडेवर धरला आणि लहान हातोडीनं कडेकडेनं ठोकत गेलो. धातूची धारच कागद कापते, माप घ्यावं लागत नाही. भोकं पाडली. कागद कोरडाच बसवला, वर काही थापलं नाही. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. वॉशर दबला की थांबलो.

खाली पेपर अंथरला, कॉक उघडला, गाडी चालू केली. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. पेपर कोरडा राहिला.

"जल्दी निघा," मी म्हणलं. त्या आधीच निघाल्या होत्या.

दुपार कलली तेव्हा फोन आला. मागं मेंढरांचा गलका होता. "झालं दादा सगळ्यांना टोचून. बापूंनी चहाला थांबवलंय." त्या दिवशी मी उशिरा जेवलो आणि चवीनं जेवलो.

पुढं ताईंनी कुठून तरी त्या मॉडेलची नवी रिंग मिळवली आणि बसवायला घेऊन आल्या. मी सांध्यावरून बोट फिरवलं. बोट कोरडं. म्हणलं, राहू द्या, चालत्या गाडीला हात लावू नये.

गळतंय म्हटलं की माणूस पहिल्यांदा स्क्रू पिळतो. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या वाट्या त्यानंच गळतात.