सीटखालची बंदूक

शिलाई मशीनला तेल घालताना त्या वासाने अजून बाबांची बंदूक आठवते. तुरीत रानडुकरं शिरायची, म्हणून परवाना काढलेला. निवडणुकीआधी ठाण्यात जमा करायला त्यांनी ती त्यांच्या आणि काकांच्या सामाईक जीपमध्ये सीटखाली ठेवली आणि जेवायला बसले. तेवढ्यात काकूला अर्धांगाचा झटका आला. काकांनी तीच जीप पुसदच्या दवाखान्याकडे पळवली. काकूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेतल्या नाक्यावर पोलिसांनी सीट उचलून पाहिली, तर बंदूक निघाली. "लायसन कुठाय?" "भावापाशी हाये साहेब. जाऊ द्या न, बाई सिरियस हाये," काका म्हणाले. जीप अडकली, दुसरी गाडी मिळेपर्यंत तास गेला. काकू वाचली, पण तिची वाचा गेली. "मले सांगतलं असतं त काढून ठेवली असती, दादा," काका बाबांना एवढंच म्हणाले. आज काकू खुणेने जवळ बोलावते, तेव्हा सांगावंसं वाटतं, की बाबांना बंदूक ठेवताना मी पाहिलं होतं, आणि जीपमध्ये चढताना मला ती आठवलीही होती.