अपरिग्रहाची टॉवेल-टोपी

चहा घ्या आधी, मग सांगतो. योगामुळं माणसाचं नेमकं काय होतं, हे माझ्याइतकं सविस्तर आपल्या जिल्ह्यात दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

गेल्या वर्षी पित्तानं बेजार होऊन मी कळंबला योगवर्गाला जायला लागलो. पित्त गेलं, कंबर मोकळी झाली, झोप लागायला लागली. एवढ्यावर थांबलो असतो तर शहाण्यात जमा झालो असतो. पण गुरुजी म्हणाले, "आसनं कुणीही करतं. यम-नियम पाळा." झालं! मी अपरिग्रह धरला. म्हणजे गरजेपलीकडं कुणाकडून काही घ्यायचं नाही. वर रोज दुपारी बारापर्यंत मौन. बायको म्हणाली, हे आधी का नाही सुचलं.

अशा पवित्र अवस्थेत मी तेरला अक्काच्या मुलीच्या, सोनीच्या लग्नाला गेलो. मी तिचा एकुलता एक मामा. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, आणि त्याआधी मामाला आहेर. मुहूर्त बाराच्या आतला.

दाजींनी कुंकू लावून टॉवेल-टोपी पुढं केली. मी गोड हसलो, मान हलवली आणि हात जोडले. मनात म्हटलं, केवढा हा आपला त्याग.

आता तुम्हीच सांगा, लग्नात आहेर नाकारणारा पाहुणा कशासाठी नाकारतो? वैराग्य आलं म्हणून? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. ध्यान करून करून डोकं अगदी रिकामं झालं होतं.

"मामा रुसलं," कोणीतरी म्हणालं. क्षणात ते आचाऱ्यापर्यंत पोचलं.

दाजी घाबरले. "तात्या, आमचं काय चुकलं का?"

मी मौनात.

"बोलंनात की ओ," दाजींचे धाकटे भाऊ भास्करराव म्हणाले. "कापड वाढवा."

टॉवेल-टोपीवर पॅन्टपीस-शर्टपीस आला. मी हात जोडले. मग सफारीचं कापड आलं. भोवती गर्दी जमली, माझा श्वास चढला. अशा वेळी काय करायचं हे गुरुजींनी शिकवलंच होतं. मी डोळे मिटले, उजवी नाकपुडी दाबली आणि अनुलोम-विलोम सुरू केला.

"बघा, आहेरापुढं नाक धरलंय," भास्करराव कडाडले. "आमच्या कापडाला वास यायलाय व्हय?"

मी शांतपणे डावी नाकपुडी दाबली.

"आता दुसऱ्या बाजूनं धरलं!"

अक्का रडायला लागली. भटजी माईकवरून विचारायला लागले, "मामा, येताय ना?" दाजींनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात कोंबलं. "हे घ्या. पण पोरीचा मुहूर्त टळू देऊ नका." ते घड्याळ माझ्याच वडिलांनी त्यांना त्यांच्या लग्नात घातलेलं.

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली सोनी दारात आली. "मामा, तुमाला यायचं नसंल तर मी एकटी जाते मांडवात." ओठ थरथरत होते तिचे. या पोरीला मी खांद्यावर बसवून येरमाळ्याची जत्रा दाखवलेली.

"अगं, रुसलो नाही मी, योग करतोय!" मी ओरडलो. मौन गेलं.

"रुसण्याला आता योग म्हणत्यात व्हय कळंबात?" भास्करराव म्हणाले.

मग मी टॉवेल, टोपी, पीस, सफारी, घड्याळ, सगळं काखेत मारलं. एक वस्तू जरी बाजूला ठेवली तरी अक्काचा पदर डोळ्याला जात होता. सोनीचा हात धरून मांडवाकडं अक्षरशः पळालो. मुहूर्त सापडला बाबा एकदाचा.

जेवणं झाल्यावर घड्याळ परत द्यायला गेलो, तर दाजी मागं सरकले. "असू द्या, तात्या. आणखी काय राहिलंय का?"

निघताना भास्कररावांनी मला मांडवामागं नेलं. वाटलं, आता हाणतात. पण त्यांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"तात्या, पुढच्या महिन्यात माझ्या मेव्हण्याचं लगीन हाय. सासरवाडीत मला दर खेपंला नुसता टॉवेल देत्यात. हे नाक आधी कुठल्या बाजूनं धरायचं, तेवढं दाखवा."

दाखवलं मी. दाजींच्या घड्याळात वेळ लावून.