भिंतीवर उलटा हात

मिस्तरीनाना भिंतीला तळवा कधी लावत नसत. दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीपाशी जायचे, हात उलटा करून टेकवायचे आणि मनात दहा मोजायचे. "तळव्याले थापीची सवय शे," ते म्हणायचे. "त्याले ऊन कळत नाही."

वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, डोक्याला पांढरा पंचा. पाचोऱ्याहून सकाळच्या पॅसेंजरने जळगावला येत. जन्मभर गिलावा केला होता. अलीकडे मात्र घराच्या भिंतींना बाहेरून थर्माकोलच्या जाड शीट चिकटवायच्या, त्यावर बारीक जाळी, वर पातळ गिलावा आणि पांढरा रंग, असं काम ते घेत. आमच्याकडे ते सुरू झालं तेव्हा शेजारच्या भाऊंनी कुंपणावरून विचारलं, "नाना, एप्रिलमध्ये भिंतीला स्वेटर?"

"बर्फवाला बर्फाले गोणपाट गुंडाळस," नाना वर न बघता म्हणाले. "बर्फाले थंडी वाजस का?"

आम्हाला हसू आलं नाही. आदल्या मे महिन्यात आईला घरातच ऊन लागलं होतं. गुडघ्यांमुळे तिला जिना चढणं शक्य नव्हतं आणि न्हाणीघर जोडलेली खोली एकच, तीही पश्चिमेची. तिची भिंत दिवे लागल्यावरही तव्यासारखी असायची. दुपारी वीज गेली की कूलर बंद. पुन्हा असं झालं तर जड जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भिंत मेच्या आधी पुरी व्हायला हवी होती.

नानांना मात्र घाई चालत नसे. ते सावलीतच काम करत. त्या भिंतीवर ऊन आलं की थापी धुऊन बाजूला. उन्हात लावलेला थर वरून सुकतो आणि आतून धरत नाही, हे त्यांचं म्हणणं. आबा, म्हणजे वडील, रोज कॅलेंडरकडे बघत आणि रोज विचारत, "आणखी तासभर नाही का होणार?" नाना पंचा झटकत. "बठ्ठं, सगळं होईल, आबा. सावलीत होईल."

निम्मी भिंत झाली तेव्हा नाना नात्यातल्या लग्नासाठी दोन दिवस जामनेरला गेले. शीटची वरची कड अजून उघडी होती. ती आल्यावर बंद करायची होती. आबांनी हे घर स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, सकाळ-संध्याकाळ तराई करून. गिलावा दिसला की पाणी मारायचं, एवढं त्यांना ठाऊक. दोन्ही दिवस त्यांनी पाइप लावून भिंत न्हाऊ घातली.

नाना परतले आणि बोटाच्या पेराने भिंत ठोकत गेले. एका जागी थांबले. तिथून पोकळ आवाज येत होता.

"पानी कोनी मारं?"

आबा पाइप गुंडाळू लागले. खिडकीतून आई म्हणाली, "विचारताय कोणाला? ह्यांनीच."

नाना रागावले नाहीत. त्यांनी शीटच्या वरच्या दोन ओळी उतरवल्या. आतली भिंत ओली होती. तशीच बंद करा, असं आबांनी विनवलं. तेव्हा नाना म्हणाले, "ओली भिंत झाकनं म्हनजे तापात गोधडी घेनं शे." भिंत वाळेपर्यंत थांबायचं ठरलं. मे लागला. आबांचं जेवण निम्म्यावर आलं.

त्या थांबण्याच्या दिवसांतच एका दुपारी आई बोलता बोलता असंबद्ध बोलू लागली. वीज नव्हती. नाना भिंत बघायला आले होते. तोवर घराचा उंबरा न ओलांडलेला हा माणूस चपला काढून आत आला आणि त्याने आईच्या कपाळावर उलटा हात टेकवला. दहा मोजले नाहीत. "रिक्षा बोलवा," एवढंच म्हणाला आणि आपला पंचा माठात बुडवून तिच्या मानेखाली ठेवला. वेळेत दवाखाना गाठला. तीन दिवसांनी ती घरी आली तेव्हा भिंत वाळली होती आणि वरच्या दोन ओळी जागेवर बसल्या होत्या.

त्यानंतरचे उन्हाळे आईने त्याच खोलीत काढले. दर मे महिन्यात एकदा, दुपारी चारला, नानांचा फोन यायचा. "हात लावा. उलटा. सांगा." आबा खोलीत जायचे, हात टेकवायचे, ओरडून सांगायचे. मी ते फोनवर सांगायचो.

यंदा फोन आला नाही. महिना संपत आला तेव्हा मीच लावला. सुनेने उचलला. नाना होळीच्या आधीच गेले होते. झोपेत, त्रास न होता. कळवायचं राहून गेलं, असं ती म्हणाली.

फोन कानाला तसाच होता. चार वाजले होते. आबा सवयीने खोलीत गेले होते, आणि फोन कोणाचा ते त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"गार आहे म्हणावं," आतून आवाज आला. "आणि म्हणावं, पाणी मारलेलं नाही."