हवालदारांचं हृदय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — आणि आडपडदा न ठेवता सांगतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा साताऱ्याचा. मुंबईत शिकून सांगलीच्या एका इस्पितळात लागलो. ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल पडद्यावर दाखवणारं यंत्र तिथे नुकतंच आलं होतं. ते चालवता येणारा मी एकटा. माझा रुबाब काय सांगू!

कुंडलचे एक निवृत्त हवालदार न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर होते. ताप उतरला, आता व्हेंटिलेटर सोडवायचा. पण यंत्र श्वास देतं तोवर दुबळ्या हृदयाचंही निभावतं. माणूस स्वतः श्वास घेऊ लागला की खरा ताण पडतो. म्हणून आमचे सर म्हणाले, "थोडा वेळ यंत्राविना ठेवू. तू हृदय बघ. तू हो म्हणालास तरच घशातली नळी काढतो."

मी बघितलं. म्हणजे — बघायला गेलो. विडीनं फुगलेली छाती, फासळ्यांमागे नुसती हवा, आणि हवेतून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. पडद्यावर पांढरा धुरळा. कोन बदलला, कुशीवर वळवलं — काही नाही. 'दिसत नाही', एवढंच म्हणायचं होतं. सर थांबले असते. पण नर्स बघत होत्या, दारात हवालदारांची बायको उभी होती, आणि मी — मला न दिसणं कसं चालेल?

"हृदय उत्तम आहे," मी म्हणालो.

"आवं डाक्टर, काळीज बरं हाय न्हवं?" बाईंनी विचारलं.

"ठणठणीत."

नळी काढली. हवालदार बायकोशी बोलले, चहा मागितला. मग धाप लागली, तोंडाला फेस आला. हृदयाला ताण पेलला नाही. फुप्फुसांत पाणी भरलं. पुन्हा नळी घातली, पण संध्याकाळी ते गेले.

सरांनी बाईंपुढे हात जोडले. म्हणाले, "हृदय तर उत्तम होतं, यंत्राविना आणखी ठेवून बघायला हवं होतं. घाई माझी झाली." मी शेजारीच उभा होतो — गप्प. त्यानंतर सर मला विचारल्याशिवाय कुणाची नळी काढेनात. माझं नाव झालं. ते मात्र खचले, लवकर निवृत्त होऊन कोरेगावला राहायला गेले, तिथेच वारले.

ते होते तोवर सांगता आलं नसतं का? घरी जाताना माझी गाडी कोरेगावला थांबायची. मी खिडकीत बसून राहायचो. एकदाही उतरलो नाही.