ढगाळ उजेडातली शेड

आमच्या बाबांना गल्लीत सगळे शेडमास्तर म्हणतात, शेड म्हणजे रंगाची छटा. बेचाळीस वर्षं त्यांनी एकाच गॅरेजमध्ये गाड्यांना रंग मारला. ठोकलेल्या गाडीचं दार नव्याने रंगवायचं तर तो रंग उरलेल्या गाडीशी जुळायला हवा, आणि ती गाडी तर आठ-आठ वर्षं उन्हात तापून विटलेली. डब्यावरचा नंबर तिथे कामाचा नसतो. बाबा नुसत्या नजरेने ठरवायचे: पांढऱ्यात पिवळ्याचे दोन थेंब, काळ्याचा अर्धा. गाडी न्यायला आलेल्या माणसाला ती कुठे ठोकली होती ते शोधूनही सापडत नसे.

हे कौतुक लहानपणापासून ऐकत आले. आता ऐकलं की माझं डोकं फिरतं. पत्र्याच्या बंद खोलीत, रंगाच्या फवाऱ्यात, बेचाळीस वर्षं बाबांच्या नाकावर होता फक्त एक रुमाल. चांगले मास्क होते, पण मालकाच्या कपाटात. तपासणीचे साहेब आले की ते बाहेर निघत आणि साहेब गेले की पुन्हा कुलपात. निवृत्तीच्या दिवशी मालकाने बाबांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. फुप्फुसं घेतली आणि घड्याळ दिलं. ते काढून टाका म्हटलं तर बाबा म्हणाले, वेळ तर बरोबर दाखवतंय.

बाबांनी उभ्या जन्मात सिगारेटला हात लावला नाही. तरी सत्तरी गाठेपर्यंत चपला घालतानाही त्यांना धाप लागायला लागली. फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, असं छातीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दोन वर्षांत दोनदा दवाखान्यात राहून झालं, आणि दोन्ही वेळा सुरुवात दुसऱ्या कुणाच्या तरी साध्या सर्दीने झाली होती. बाईंनी मला समोर बसवून समजावलं की आपली सर्दी चार दिवसांत जाते, पण यांच्या छातीत संसर्ग शिरला की दम एक पायरी खाली उतरतो आणि बऱ्याचदा पूर्ण वर चढत नाही. लसी टोचून झाल्या. गोळ्यांचं एक पाकीट घरी ठेवायला दिलं आणि सोबत एक कागद. दम वाढला, कफ वाढला, कफाचा रंग बदलला. या तिन्हींतल्या दोन गोष्टी दिसल्या की त्याच दिवशी गोळ्या सुरू करायच्या आणि बाईंना फोन करायचा. वाट बघायची नाही. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला.

बाबांनी त्यातली एकच गोष्ट वाचली. रंग. हे आपलं खातं, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

तेव्हापासून रोज सकाळी पांढऱ्या वाटीत थुंकायचं आणि वाटी घेऊन गॅलरीत जायचं. आज हस्तिदंती आहे. आज सायीचा आहे, पण किंचित मळका. एकदा त्यांनी बाईंना फोनवर सांगितलं की पिवळ्यात राखाडी पडलाय, हिरवा मात्र नाही. बाई हसल्या, असा पेशंट पाहिला नाही म्हणाल्या, आणि झालं, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्यात त्यांच्या धंद्याचा एक नियम: शेड बल्बखाली ठरवायची नाही आणि ढगाळ उजेडातही नाही. उमेदवारीत असताना एकदा त्यांनी संध्याकाळी बल्बखाली रंग जुळवला होता आणि सकाळी दार भलतंच दिसलं होतं. पन्नास वर्षांपूर्वीचं ते दार आमच्या घरात अजून उघडझाप करत होतं.

मग दादा आला. माझा थोरला भाऊ, लांब राहतो, दोन वर्षांतून एकदा चार दिवस येतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते आमच्या घरी पटतं. रोज वाफारा देणारी, पाठ चोळणारी, औषधाचा पंप तोंडात नीट धरायला लावणारी मी, आणि बाबांचे डोळे मात्र दाराकडे. दादा टॅक्सीतून उतरला तोच लाल नाक घेऊन. मी दारातच त्याला मास्क लाव म्हटलं, बाबांपासून लांब बस म्हटलं. प्रवासात सर्दी होतेच, त्यात काय एवढं, असं म्हणून तो हसला. आतून बाबांचा आवाज आला, "त्याला दारात अडवू नकोस."

मास्क दोन दिवस दादाच्या हनुवटीखाली लटकत राहिला. मी खिडक्या उघडायचे, त्याला गार वारा बाधतो म्हणून तो लावायचा. दोघं मांडीला मांडी लावून फोनवरचे फोटो बघत बसायचे, आणि शिंक आली की दादा तोंड फिरवायचा, तेवढीच काय ती काळजी.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा खोकत उठले. एक वाक्य पुरं करायला त्यांना दोनदा थांबावं लागत होतं. वाटी रोजच्या दुप्पट भरली होती, आणि रंग मला स्वयंपाकघरातूनही दिसला. पिवळा, हिरव्याकडे झुकलेला. बाबा वाटी घेऊन गॅलरीत गेले, आभाळाकडे बघितलं आणि परत आले. म्हणाले, ढग आहेत, आज काही सांगता येणार नाही, उद्या ऊन पडलं की बघू.

मी कागदावर बोट ठेवलं. दम वाढलाय, कफ वाढलाय, दोन झाल्या, रंग घाला चुलीत. मी फोन उचलला तर बाबांनी गोळ्यांचं पाकीट शर्टाच्या खिशात घातलं आणि मी काही लहान मूल नाही म्हणाले. दादा सोफ्यावरून म्हणाला, "अगं, त्यांना कळतं त्यांचं. तू उगाच घाबरवतेस."

आणि मी फोन खाली ठेवला. घरात भांडण नको म्हणून. या सगळ्या गोष्टीत माझा सर्वांत मोठा राग त्या ठेवलेल्या फोनवर आहे.

दुसऱ्या दिवशीही ढग होते. दुपारी दादा निघाला. बाबा कठडा धरून गॅलरीत उभे राहिले, टॅक्सी वळेपर्यंत हात हलवत. ती वळली आणि बाबा तिथेच फरशीवर बसले. ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात त्यांच्या तोंडावर घट्ट मास्क बांधून यंत्राने हवा दिली. पाच दिवस मी फक्त त्या यंत्राचा आवाज ऐकला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की दोन दिवस कशासाठी थांबलात. मी ढगांचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या तर कदाचित इथे यावं लागलं नसतं, आणि आता घरीसुद्धा ऑक्सिजन लागेल, एवढंच म्हणाल्या.

सहाव्या दिवशी मास्क निघाला, नाकाला नळी आली आणि बाबांना बोलता यायला लागलं. आजारी माणसाशी कसं बोलावं ते मला कळतं, पण त्या दिवशी मला ते पाळायचं नव्हतं.

"बेचाळीस वर्षांची नजर तुमची," मी म्हटलं, "आणि समोरचा हिरवा दिसला नाही?"

"दिसला होता."

"कधी?"

"पहिल्याच सकाळी. मोरीतल्या बल्बखालीच." बाबा दम घ्यायला थांबले. "तो घरात होता. त्याच्यामुळे झालं, असं झालं असतं. पुन्हा आला नसता."

दादाच्या अंगाला दोष लागू नये म्हणून हा माणूस दोन दिवस स्वतःचा श्वास खर्चत बसला होता, आणि मला ढगांच्या गोष्टी सांगत होता.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू कुठे जाणार आहेस?"

हे त्यांनी टोचून म्हटलं नाही. अगदी मायेने, भरवशाने म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि दादाला फोन लावला. सर्दी, वाटी, खिशातलं पाकीट, निळे ओठ, सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग त्याने विचारलं, मी येऊ का? ये, म्हटलं. खोकला पूर्ण गेल्यावर ये, मास्क नाकावर लावून ये, आणि पंधरा दिवस राहा. वाफारा, नळी, गोळ्या, रात्रीचं उठणं, सगळं तू बघ. येतो, म्हणाला.

आत येऊन मी बाबांना सांगितलं, "दादाला सगळं सांगितलंय. तरीही येतोय तो. ते पंधरा दिवस मी घरी नसेन."

नळी सरळ करायला बाबांचा हात वर गेला तो तसाच राहिला.

"परत कधी येशील?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न बाबांनी आजवर फक्त दादाला विचारला होता.