मागच्या सीटवरची वाचक

उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की आजही मला ती दुपार आठवते. आम्ही तेव्हा मस्कतला, रुवी भागात राहत होतो आणि मुलगी दुसरीत होती. अभ्यासाशिवायही तिला वाचायला द्या, असं बाईंनी सांगितल्यापासून मी तिच्या दप्तरात एक गोष्टीचं पुस्तक ठेवत असे, स्कूलबसमध्ये वाचायला. त्या दुपारी मी खाली पोचले तेव्हा बस निघून गेली होती. बिल्डिंगमधली मुलं उतरली होती, ती नव्हती. शाळेत फोन केला तर म्हणाले, बसमध्ये चढली होती. खालच्या दुकानातले रत्नागिरीचे चाचा शटर ओढत म्हणाले, "चला ताई, बस कुठं लावतात ते मला ठाऊक आहे." गाडीत ते दुवा पुटपुटत होते, मी रस्त्यातली प्रत्येक बस निरखत होते. मोकळ्या मैदानात बस उभी होती, दारं-काचा बंद, आसपास कोणी नाही. चाचांनी दगडाने काच फोडली. मुलगी मागच्या सीटखाली सावलीत बसली होती, घामाने भिजलेली, ओठ सुकलेले. "मम्मी, मी स्टोरी वाचत होते, स्टॉप आला ते कळलंच नाही," ती म्हणाली, "मग काच वाजवली, कोणीच आलं नाही." नंतर कितीतरी दिवस मी दप्तरात पुस्तक ठेवलं नाही, एका सकाळी तिनंच ते माझ्यादेखत ठेवलं आणि मी ते बाहेर काढलं नाही. आता ती आपल्या मुलाला गाडीत वाचायला पुस्तक देते, आणि सगळे उतरले तरी मी मागची सीट हाताने चाचपून बघते.