थूल मॅडमचा भूगोल

अल्लीपूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्या दिवशी भूगोलाच्या थूल मॅडमनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "तुमच्या घरी लेकराले पैला घास कायचा चारतात?" मी गडबडले. आईला फोन लावला आणि 'मऊ भात, वरून तूप' असं सांगितलं, तेव्हा त्यांनी पर्समधून एक वही काढून ते लिहून घेतलं. त्या वहीत फरशी बसवायला आलेला बिहारचा मिस्त्री होता, दवाखान्यातली केरळची नर्स होती, स्वेटर विकायला आलेली तिबेटी बाई होती. "माणूस कुठला, ते नकाशा सांगते," त्या म्हणायच्या. "माणूस कसा, ते विचारा लागते."

वर्गात त्यांचा लाडका शब्द 'काऊन', म्हणजे 'का'. जपानात घरं लाकडाची बांधत. काऊन? वाळवंटातली माणसं एवढ्या उन्हात अंगभर कपडे घालतात. काऊन? उत्तर चुकलं तर त्या हसून पुढच्याला विचारत. पण 'पुस्तकात असंच दिलंय' म्हणणाऱ्याची खैर नसे.

त्या हिवाळ्यात गावाबाहेरच्या पडीत जागेत काठेवाडी उतरले. कच्छकडून मेंढ्या आणि उंट घेऊन आलेले, गावोगाव पायी फिरणारे, वर्षानुवर्षं घरी न परतणारे हे मेंढपाळ आमच्या भागाला नवीन नाहीत. त्याच आठवड्यात शाळेच्या समितीवर असलेल्या दिवाकररावांची बकरी हरवली. आठवीत शिकणारा त्यांचा मुलगा भर वर्गात म्हणाला, "मॅडम, काठेवाडी चोर असतात."

"काऊन? पाह्यलं कोणी?"

मॅडमनी पुस्तक मिटलं.

"मंग चाला, भेटून येऊ."

सोबतीला मला घेतलं. तिथं उंटावरून उतरवलेल्या खाटा होत्या, गोधड्यांचे ढीग होते. काळ्या लोकरी ओढणीतल्या जीवीबेननं आम्हाला घोंगडी अंथरून दिली. मुलं आधी लाजली, मग प्रश्नांची झड लागली. उंट किती पाणी पितो? पाऊस आला तर झोपता कुठं? एका मुलीनं विचारलं, "रस्ता कसा सापडते तुमाले?" जीवीबेननं आपल्या लेकीला, दहाएक वर्षांच्या रूडीला पुढं केलं. ती कधी शाळेत गेली नव्हती. तिनं डोळे मिटले आणि वाटेवरची गावं एकामागून एक म्हणायला सुरुवात केली. कुठं विहीर, कुठं सावली, कुठली कुत्री वाईट. मुलं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मग ती म्हणाली, "अल्लीपूर. पानी मीठा. लोग चिल्लाते हैं."

कुणीच हसलं नाही. परत येताना दिवाकररावांचा मुलगा सगळ्यांच्या मागं, खाली मान घालून चालत होता.

दुसऱ्या दिवशी दिवाकरराव हेडमास्तरांच्या खोलीत. "आमच्या पोराले चोराच्या दारी नेता, मॅडम?"

"बकरी कोणी नेली, मले माहीत नाई भाऊ. तुमालेबी माहीत नाई." थूल मॅडमचा आवाज चढला नाही. "गावाबाहेर राह्यतात म्हून चोर? माहा आजाबी गावाबाहेरच राहे. त्यालेबी असंच म्हणत."

 हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला आणि मॅडमनी तिथंच बसून लिहून दिला: परवानगी न घेता मुलांना नेलं, ही चूक झाली. नेलं, ही चूक नाही. दिवाकररावांनी तो कागद वाचला. जाता जाता दारात थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पोरीनं आपल्या गावाचं तसं सांगतलं, खरंच?"

बकरी सापडली नाही. पण पुढच्या हिवाळ्यात दिवाकररावांनी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवल्या, त्या जीवीबेनच्या. त्यानंतर दरवर्षी थूल मॅडम, आता रीतसर परवानगी काढून, वर्ग घेऊन तिथं जात राहिल्या.

आयुष्यभर जग शिकवलेली ही बाई नागपूरच्या पलीकडं कधी गेली नव्हती. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या आणि महिन्याभरात एकट्या कच्छला निघाल्या. जीवीबेनकडून गावाचं नाव लिहून घेतलं होतं. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"घर सापडलं वं पोरी. जीवीबेनची सासू हाये इथं. गुडघे गेले, चालवत नाई, म्हून मागं राह्यली. रूडीले तिनं चार वर्षांची असताना पाह्यलं, मंग नाई. फोनवर आवाज ऐकते म्हणे, पन आवाजात उंची कुठं दिसते? मले म्हणे, तू पाहून आली, सांग. मंग काय, संध्याकाळवरी सांगत बसली मी. रूडी कशी हासते, मेंढ्याले हाक कशी मारते."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"मंग मी उभी राह्यली, अन् माह्या खांद्यापाशी हात धरून दाखवलं, एवढी झाली. तं म्हातारी भिताडाले धरून उठली. अन् माह्या हाताखाली काहीच नव्हतं नं, त्या जागेवरून हात फिरवत राह्यली. डोक्यावरून फिरवतात, तसा."